व्यवसायाचे नियम सुलभ होतात तेव्हा लहान उद्योगाच्या वाट्याला काय येते

जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात 2014 साली भारताचा क्रमांक 142 वा होता आणि ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या शेवटच्या, म्हणजे 2020 च्या, अहवालात तो 63 वा झाला. पाच वर्षांत एवढी झेप घेतलेल्या देशातील एखाद्या लहान कारखानदाराला, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन चालवणाऱ्या माणसाला, या काळात धंदा करणे किती सोपे झाले असे विचारले, तर तो क्रमांकाबद्दल बोलत नाही. तो जीएसटीच्या तारखांबद्दल, थकलेल्या बिलांबद्दल आणि विजेच्या दराबद्दल बोलतो. अहवालही खोटा नव्हता आणि हा माणूसही खोटे सांगत नाही. नियमांतील सुधारणा कागदावर जेथे मोजली जाते ती जागा आणि लहान उद्योगाला ती जेथे जाणवते ती जागा या दोन वेगळ्या आहेत. जगाच्या वेगवेगळ्या भागांत गेल्या पंचवीस वर्षांत झालेल्या सुधारणांचा हिशेब मांडला, तर हे अंतर बहुतेक सगळीकडे दिसते, आणि काही ठिकाणी ते कमी कसे झाले हेही दिसते.

प्रथम त्या मोजमापाबद्दल. 2003 मध्ये सुरू झालेल्या या अहवालात प्रत्यक्ष उद्योगांची पाहणी नसे. एक काल्पनिक कंपनी गृहीत धरून तिला नोंदणी, बांधकाम परवाना, वीजजोडणी, कर, कर्ज, आयात-निर्यात अशा बाबतींत किती टप्पे, किती दिवस आणि किती खर्च लागेल, हे वकील, लेखापाल आणि अधिकाऱ्यांना विचारले जाई. ती काल्पनिक कंपनी मर्यादित दायित्वाची असे, तिचे एकाहून अधिक भागीदार असत, दहा ते पन्नास कामगार असत आणि ती देशातील सर्वांत मोठ्या शहरात असे. भारतापुरते पाहिले तर ती मुंबईत आणि दिल्लीत होती. आपल्याकडची बहुसंख्य लहान आस्थापने एका मालकाची असतात, त्यांत चार-पाच माणसे काम करतात आणि ती कोल्हापूर, इचलकरंजी किंवा हुपरीसारख्या गावांत असतात. म्हणजे ज्या उद्योगाचे मोजमाप झाले तो उद्योग मुळात त्यांचा नव्हताच. तरीही त्या क्रमांकाने काही खऱ्या गोष्टी घडवल्या. 2016 चा दिवाळखोरीचा कायदा आला, बंदरांवरची कागदपत्रे कमी झाली आणि त्या कमी कागदपत्रांचा उपयोग कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, निर्यात करणाऱ्या मोठ्या फाउंड्रींना (ओतकाम कारखान्यांना) झाला. पुढे 2018 आणि 2020 च्या अहवालांतील काही देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार झाल्याचे उघड झाले आणि सप्टेंबर 2021 मध्ये जागतिक बँकेने हा अहवाल बंद केला. त्याच्या जागी ऑक्टोबर 2024 मध्ये ‘बिझनेस रेडी’ नावाचा नवा अहवाल आला. त्यात नियमांबरोबरच सरकारी सेवा कशा मिळतात आणि उद्योगांना प्रत्यक्षात काय अनुभव येतो हेही विचारले जाते. पहिल्या फेरीत 50 देश होते. त्यांत भारत नव्हता.

नियमांचा भार लहानांना अधिक का जाणवतो, याचे कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, कर सल्लागार, संगणकाचे काम, परवान्यांचे नूतनीकरण आणि फेऱ्या मिळून एखाद्या लहान कार्यशाळेला वर्षाला 36,000 रुपये खर्च येतो. तिची उलाढाल 20 लाख असेल तर हा खर्च उलाढालीच्या 1.8 टक्के होतो. 20 कोटींची उलाढाल असलेल्या कारखान्याचा असा खर्च दहापट धरला, तरी तो 0.18 टक्केच भरतो. शिवाय मोठ्या कारखान्यात हे काम करायला वेगळा माणूस असतो, तर लहान ठिकाणी मालकच मशीनवर असतो आणि तोच कार्यालयात जातो. तो कार्यालयात गेला की मशीन बंद राहते. अर्थशास्त्रात याला स्थिर खर्च म्हणतात. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचे ओझे सारखे नसते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

दाराशी केलेली सुधारणा

या विषयाची आजची चर्चा बऱ्याच अंशी पेरू देशातून सुरू झाली. तेथील अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या चमूने 1980 च्या दशकात लिमा शहराच्या कडेला एक छोटी शिवणकामाची कार्यशाळा काढली आणि ती पूर्णपणे कायदेशीर करण्यासाठी लागणारी प्रत्येक पायरी चढून पाहिली. रोज सहा तास खपून त्यांना 289 दिवस लागले आणि खर्च आला तेथील किमान मासिक वेतनाच्या 31 पट. त्यांचा निष्कर्ष असा होता की गरीब माणूस कायद्याबाहेर धंदा करतो तो अप्रामाणिकपणामुळे नव्हे. कायद्यात येण्याची किंमत त्याला परवडत नाही म्हणून तो बाहेर राहतो. हे निदान महत्त्वाचे होते, आणि त्यातून जगभरच्या सरकारांनी एक सरळ उपाय काढला, तो म्हणजे नोंदणी स्वस्त आणि जलद करणे. असे केले की बाहेरचे लोक आत येतील, अशी अपेक्षा होती.

मेक्सिकोने 2002 पासून एकेका नगरपालिकेत एक खिडकी योजना सुरू केली आणि कमी धोक्याच्या व्यवसायांची नोंदणी काही आठवड्यांवरून दोन-तीन दिवसांवर आणली. योजना सर्व शहरांत एकदम न येता टप्प्याटप्प्याने आल्यामुळे संशोधकांना आधी आणि नंतर, येथे आणि तेथे अशी तुलना करता आली. नोंदणीकृत व्यवसायांची संख्या सुमारे 5 टक्क्यांनी वाढली. परंतु ही वाढ नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्यांनी नोंदणी केल्यामुळे झाली नव्हती. नोकरी करणाऱ्या काही लोकांनी नवे व्यवसाय काढले, त्यामुळे ती झाली होती. नव्या स्पर्धेमुळे भाव थोडे उतरले आणि आधीपासून धंद्यात असलेल्यांचे उत्पन्न सुमारे 3 टक्क्यांनी घटले. ग्राहकांचा आणि नव्याने आलेल्यांचा फायदा झाला हे खरे. पण ज्या फेरीवाल्यासाठी आणि घरगुती कारागिरासाठी ही योजना आखली असे सांगितले जात होते, तो जेथे होता तेथेच राहिला.

श्रीलंकेतील प्रयोग मला याहून बोलका वाटतो. कोलंबो आणि कँडी येथील नोंदणी नसलेल्या लहान व्यावसायिकांचे गट करण्यात आले. एका गटाला नोंदणीची सगळी माहिती दिली आणि खर्च परत देण्याचे कबूल केले. त्याचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. दुसऱ्या गटांना नोंदणी केल्यास अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केली, तेव्हा सुमारे एकपंचमांश लोकांनी नोंदणी केली. रक्कम दोन महिन्यांच्या नफ्याएवढी केल्यावर निम्मे लोक आले. जे तरीही आले नाहीत त्यांचे सर्वांत मोठे कारण जागेचे होते, कारण ज्या जागेत धंदा चालतो ती आपली आहे किंवा आपण तेथे रीतसर भाडेकरू आहोत असा कागद त्यांच्याकडे नव्हता. कोल्हापूरच्या सुभाषनगरात घरातल्या खोलीत चप्पल बांधणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगावे लागणार नाही. जीएसटीचा नोंदणी अर्ज मोफत आहे आणि घरबसल्या भरता येतो. पण त्याला जागेचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा घरफाळ्याची पावती लागते, जागा दुसऱ्याची असल्यास मालकाचे संमतिपत्र लागते, आणि वाटणी न झालेल्या घरात वीजबिल आजोबांच्या नावावर असले की गाडी तेथेच अडते. सुधारणेने अर्ज सोपा केलेला असतो. अडचण मालमत्तेच्या कागदांत, म्हणजे वेगळ्याच खात्यात असते.

आफ्रिकेतील अनुभवाने या चित्रात भर घातली. मालावीमध्ये लहान व्यावसायिकांना नोंदणीसाठी मोफत मदत दिली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी व्यवसायाची नोंदणी केली, परंतु करखात्याची स्वतंत्र नोंदणी फारच थोड्यांनी केली आणि नुसत्या प्रमाणपत्राने त्यांच्या विक्रीत किंवा नफ्यात फरक पडला नाही. ज्या गटाला नोंदणीबरोबरच बँकेत नेऊन व्यवसायाचे स्वतंत्र खाते उघडण्याची माहिती आणि संधी दिली, त्या गटाचा नफा मात्र वाढला. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमध्ये ‘आंत्रप्रनां’ या नव्या सुलभ दर्जाची फक्त माहिती दिली तेव्हा नोंदणी सुमारे 10 टक्के-अंकांनी वाढली. त्याला प्रशिक्षण, बँक खाते आणि कराबाबतची मदत जोडली तेव्हा सुमारे 16 अंकांनी वाढली. पण एवढी मदत पोहोचवण्याचा खर्च त्यातून येणाऱ्या करापेक्षा जास्त निघाला. रवांडाने तर क्रमवारीत इतक्या वेगाने वर चढून दाखवले की त्याची उदाहरणे जगभर दिली गेली. कंपनी तेथे काही तासांत नोंदवता येते. मात्र नोंदणी झालेल्यांपैकी मोठा हिस्सा दरवर्षी शून्य उत्पन्नाचे विवरणपत्र भरतो, कारण त्यांतील अनेक व्यवसाय कागदापलीकडे गेलेलेच नाहीत.

ब्राझीलने जे केले ते लहान उद्योगाच्या दृष्टीने अधिक अभ्यासण्यासारखे आहे. तेथे 2009 पासून एकट्याने धंदा करणाऱ्यासाठी वेगळा दर्जा आहे. इंटरनेटवर मोफत नोंदणी, महिन्याला एकच छोटी ठरावीक रक्कम, आणि त्या रकमेत कर व सामाजिक सुरक्षेचा हप्ता दोन्ही येतात. त्या बदल्यात केशकर्तनकाराला किंवा गवंड्याला निवृत्तिवेतन, आजारपणातील मदत आणि स्त्रियांना प्रसूतिकाळातील भत्ता यांचा हक्क मिळतो. त्यातही एक बारकावा आहे. 2009 मध्ये नोंदणीचा खर्च शून्य केला, तेव्हा आधीपासून नोंदणीशिवाय चालणाऱ्या धंद्यांवर त्याचा ठळक परिणाम दिसला नाही. 2011 मध्ये सामाजिक सुरक्षेचा मासिक हप्ता किमान वेतनाच्या 11 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला, तेव्हा ते आत येऊ लागले. दारातील शुल्क एकदाच द्यायचे असते, हप्ता मात्र दर महिन्याला भरायचा असतो. लहान माणूस दर महिन्याचा हिशेब पाहून निर्णय घेतो. याचा दुरुपयोगही झाला. काही मालकांनी आपल्याच कामगारांना असा दर्जा घ्यायला लावून नोकरीचे हक्क टाळले. लहानांसाठी काढलेल्या प्रत्येक सवलतीत मोठ्यांनी शिरण्याची वाट राहते, आणि ती बुजवणे हेही सुधारणेचेच काम आहे.

काढून टाकलेले नियम परत का आले

युरोपातील प्रश्न वेगळा होता, कारण तेथे बहुतेक व्यवसाय आधीच नोंदणीकृत होते. पोर्तुगालने 2005 मध्ये एका तासात कंपनी स्थापन करून देणारी कार्यालये काढली. नव्या कंपन्या वाढल्या, रोजगारही थोडा वाढला. परंतु त्यांत लहान, कमी तंत्रज्ञानाच्या आणि पहिल्या दोन वर्षांतच बंद पडण्याची शक्यता अधिक असलेल्या कंपन्यांचे प्रमाण जास्त होते. जर्मनीने 2004 मध्ये 53 हस्तव्यवसायांतील ‘माइस्टर’ या पदवीची सक्ती काढली. आपल्याकडे ज्याला आपण मेस्त्री म्हणतो त्याची ही तेथील रीतसर, परीक्षा देऊन मिळवायची पायरी आहे. तोपर्यंत ती असल्याशिवाय स्वतःचा फरशी बसवण्याचा धंदासुद्धा काढता येत नसे. सक्ती गेल्यावर एकट्याने चालवलेले धंदे झपाट्याने वाढले, पण नव्या मुलांना हाताशी धरून शिकवण्याचे काम मागे पडले, कारण शिकवण्याची जबाबदारी माइस्टरवर होती. 2020 मध्ये त्यांतील 12 व्यवसायांत, फरशीच्या कामासह, ही सक्ती पुन्हा लागू करण्यात आली.

जॉर्जिया या छोट्या देशाने तर 2005 नंतर सुमारे नऊशे परवान्यांपैकी बहुतेक रद्द केले आणि लाचखोरीला मोठाच आळा घातला. त्याचे श्रेय त्या देशाला द्यायलाच हवे. पण त्याच झपाट्यात 2006 मध्ये कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी करणारी यंत्रणाही बंद झाली. 2018 मध्ये टकीबुली येथील कोळशाच्या खाणीत कामगार मेल्यावर ती यंत्रणा पुन्हा सर्व क्षेत्रांसाठी उभी करावी लागली. ढाक्याजवळ 24 एप्रिल 2013 रोजी राना प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले, तेव्हा नियमांचा अतिरेक नव्हे, तर असलेल्या नियमांकडे झालेले दुर्लक्ष जिवावर बेतले होते. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा नियम आणि एकाच माहितीचे तीन तक्ते तीन खात्यांना देण्याचा नियम यांना एकाच ‘जाचक नियम’ या नावाखाली मोजणे मला अन्यायाचे वाटते. पंचगंगेच्या काठच्या लोकांनी प्रदूषणाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे दाद मागितली आहे. त्यांच्यासाठी नियम शिथिल होणे ही सुधारणा नाही. येथे लहानांना वाचवण्याचा रस्ता वेगळा असतो. इचलकरंजीत कापड प्रक्रिया उद्योगांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले, ते याच विचाराने. मानक सर्वांना तेच ठेवायचे, पण ते पाळण्याचा स्थिर खर्च अनेकांनी मिळून उचलायचा.

संख्येच्या मर्यादेवर बांधलेल्या नियमांचा एक वेगळा त्रास आहे. फ्रान्समध्ये कामगारांची संख्या 50 झाली की अनेक जबाबदाऱ्या एकदम लागू होत. परिणामी तेथे नेमके 49 कामगार असलेल्या कंपन्यांची गर्दी दिसे. 2019 च्या कायद्याने, सलग पाच वर्षे मर्यादा ओलांडली तरच जबाबदारी लागू होईल अशी सोय केली. आपल्याकडे कारखान्यांच्या कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 कामगार ही मर्यादा होती. नवव्या माणसानंतर दहावा माणूस पटावर घ्यायचा की भावाच्या नावाने शेजारचा गाळा घेऊन दुसरी फर्म काढायची, हा हिशेब औद्योगिक वसाहतीत कोणालाही नवा नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी ही मर्यादा 20 वर नेली आहे, नोंदणी आणि विवरणपत्रे एकत्रित केली आहेत, आणि त्याच वेळी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. चौदा कामगारांच्या वर्कशॉपचा कागदी भार त्यामुळे कमी होईल. तेथील सुरक्षिततेवर देखरेख कोण ठेवणार, याचे उत्तर मात्र राज्यांचे नियम प्रत्यक्षात कसे चालतात त्यावर ठरेल.

उद्यमनगरातील एक महिना

आता आपल्या दाराशी येऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फाउंड्रींतून निघालेले कास्टिंग मशिनिंगसाठी लहान वर्कशॉपकडे येते. गाडीबरोबर डिलिव्हरी चलन असते; त्यावर नग, वजन आणि किंमत लिहिलेली असते. लेथवर काम होते, काही नगांत भोक निघते किंवा माप चुकते, ते वेगळे काढले जातात, टर्निंगचा चुरा वेगळा वजन होतो, आणि माल दुसऱ्या चलनावर परत जातो. कायद्याप्रमाणे असा कच्चा माल एका वर्षात मूळ मालकाकडे परत गेला पाहिजे, आणि किती गेला व किती आला याचा तक्ता फाउंड्रीने सरकारला द्यायचा असतो. लहान वर्कशॉपच्या वहीतील नग आणि फाउंड्रीच्या संगणकातील नग जुळले नाहीत, तर आधी बिल अडते आणि मग पुढचे काम अडते.

या वर्कशॉपसाठी सरकारने केलेली सुधारणा खरोखर चांगल्या हेतूची आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा दर महिन्याच्या विवरणपत्रांनी लहानांचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून जानेवारी 2021 पासून 5 कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा भरण्याची मुभा मिळाली. परंतु जानेवारी 2022 पासून खरेदीदाराला खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, तेव्हाच मिळते जेव्हा विक्रेत्याने भरलेले बिल त्याच्या खात्यात दिसते. तीन महिने थांबायला फाउंड्री तयार नसते. म्हणून लहान वर्कशॉपवाला मुभा असूनही दर महिन्याच्या 13 तारखेच्या आत आपली बिले पोर्टलवर चढवतो. तशी सोय त्याच योजनेत आहे. 14 तारखेला फाउंड्रीचा तक्ता तयार होतो, आणि त्यात बिल दिसले नाही तर 15 तारखेला फोन येतो. कायद्याने दिलेली सवलत बाजाराने परत घेतली, असे म्हणण्यात चूक नाही.

उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेचेही तसेच आहे. कोल्हापुरातील मिसळीच्या हॉटेलला ती योजना छान जमते, कारण मिसळ खाणाऱ्याला क्रेडिट नको असते. लेथवाल्याला ती घेता येते पण परवडत नाही, कारण त्या योजनेत कराचे बिल देता येत नाही आणि गिऱ्हाईक फाउंड्रीला क्रेडिट मिळत नाही. तेव्हा एखादी सवलत ‘लहान उद्योगांसाठी’ आहे असे म्हटल्यावर विचारण्यासारखा पहिला प्रश्न हा असतो की तो लहान उद्योग थेट ग्राहकाला विकतो की मोठ्या उद्योगाला. थेट विकणाऱ्याला सूट खरोखर मिळते. साखळीत बांधलेल्याला त्याचा खरेदीदार जितकी घेऊ देईल तितकीच मिळते. चप्पल विकणाऱ्यांच्या बाबतीत ऑक्टोबर 2023 पासून एक अडसर थोडा दूर झाला आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला पूर्ण जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारमंचावर माल विकता येतो, पण ही सूट राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांना मिळून. तिचे गिऱ्हाईक तर देशभर आहे. राज्याच्या हद्दीवर थांबणारी सूट तिला अपुरी पडते.

याउलट 1 जुलै 2020 पासूनची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, ही भारतातील सुधारणांपैकी लहानांपर्यंत खरोखर पोहोचलेली सुधारणा आहे, असे माझे मत आहे. ती मोफत आहे, आधार क्रमांकावर स्वयंघोषणेने होते, आणि महत्त्वाचे म्हणजे तिच्या मागे काहीतरी मिळते. प्राधान्य क्षेत्रातील कर्ज, तारणाशिवाय कर्जासाठी हमी योजना, आणि थकबाकीविरुद्ध कायद्याचे संरक्षण या तिन्हींची वाट तेथून जाते. ज्यांना जीएसटी क्रमांकच नाही अशा अगदी छोट्यांसाठी जानेवारी 2023 पासून उद्यम असिस्ट हा वेगळा मंच आहे. मालावीत बँक खात्याने जे केले, ब्राझीलमध्ये निवृत्तिवेतनाने जे केले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

थकबाकीचा विषय शेवटी घेतला आहे, कारण लहान उद्योगाला तोच सर्वांत जास्त छळतो आणि क्रमवारी लावणाऱ्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. येथे नियम कमी करून भागत नाही, नियम घालावा लागतो. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशानुसार सरकारी कार्यालयांनी 30 दिवसांत आणि खासगी उद्योगांनी साधारणतः 60 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास व्याज आणि किमान 40 युरोंची भरपाई लागते. आपला सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा त्याहून कडक आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. तरीही या व्याजासाठी, अशा थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे तक्रार करणारा वर्कशॉपवाला विरळा, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच पुढच्या महिन्याचे काम देणार असतो.

ही कोंडी ओळखूनच 2023 मध्ये आयकर कायद्यात ‘43-बी (एच)’ ही तरतूद आली. तिच्यात लहानाने तक्रार करण्याची गरजच ठेवलेली नाही. खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर वर्षअखेरीस थकलेला तो खर्च त्याला त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि त्यावर कर बसतो. 2024 च्या मार्चअखेरीस अनेकांची जुनी येणी यामुळे मोकळी झाली. त्याच वेळी देशभरातील कापड बाजारांतून उलटा सूरही उमटला, कारण काही खरेदीदारांनी उद्यम नोंदणी नसलेल्यांकडे किंवा मध्यम आकाराच्या पुरवठादारांकडे मोर्चा वळवला आणि काही लहानांनी काम टिकवण्यासाठी नोंदणीच सोडण्याचा विचार केला.

दुसरा मार्ग रिझर्व्ह बँकेने परवाने दिलेल्या ‘ट्रेड्स’ या मंचांचा आहे. खरेदीदाराने तेथे बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, लहान पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात आणि मुदतीनंतर वसुली खरेदीदाराकडून होते. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर येणे सक्तीचे करण्यात आले आहे. आधी ही मर्यादा 500 कोटी होती. वाहन कंपनी त्यात येते आणि तिला कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीला त्याचा लाभ मिळू शकतो. पण उद्यमनगरातील लेथवाल्याचा खरेदीदार ती वाहन कंपनी नसून फाउंड्री आहे, आणि मध्यम आकाराच्या फाउंड्रीची उलाढाल 250 कोटींच्या खाली असेल तर तिला अशी सक्ती नाही. साखळीच्या वरच्या टोकाला लवकर पोहोचलेले पैसे खाली झिरपावेत यासाठी, फाउंड्रीला वरून मुदतीत पैसे मिळाले असतील तर तिनेही तिच्या जॉबवर्कवाल्यांची, म्हणजे तिच्या मालावर काम करून देणाऱ्या वर्कशॉपची, बिले त्याच मंचावर मान्य करावीत, अशी अट घालता येण्यासारखी आहे. कोल्हापुरातील उद्योजकांच्या संघटनांत फाउंड्रीवाले आणि जॉबवर्कवाले दोघेही बसतात, त्यामुळे ही मागणी येथून एकत्रितपणे करता येईल.